देवाच्या अंघोळीचं पाणी

"सदरा घालून पूजा केली, तर देव बाटतो का हो आप्पा?"

हर्षलनं हे विचारलं ते देवळाच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून. आत यायची त्याची तयारी नव्हती.

गेनूआप्पा गुरव सभामंडपाच्या कोपऱ्यात चुलीपुढं बसून भैरोबाच्या अंघोळीचं पाणी तापवत होते. पूजा त्यांच्या भावकीत फिरती असे. यंदा ती हर्षलच्या घरी आली होती. दिवाळीनंतर त्याचा बाप गेला, तेव्हापासून आप्पांनीच ती कशीबशी निभावली. घरात दुसरं पुरुषमाणूस नाही, आणि आता आप्पांचे गुडघे असे धरलेले की गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरणं त्यांच्याच्यानं होत नव्हतं. आज या पोरानं आत पाऊल टाकलं नाही, तर देव पारोसा राहणार होता.

पोरगं हुशार, पण शिष्ट. स्तोत्रं तोंडपाठ. आप्पांचे उच्चार चारचौघांत सुधारायलाही कमी करायचं नाही, आणि म्हातारा ते हसून घ्यायचा.

"शिवलेलं कापड गाभाऱ्यात चालत न्हाई," आप्पा म्हणाले. "एवढंच."

"मग दुसऱ्या कुनाला तरी सांगा. मला नको तुमचा देव."

आप्पांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

त्यांना ठाऊक होतं. सगळ्या गावालाच ठाऊक होतं. गेल्या वर्षापासून हर्षलची छाती पोरीसारखी वर आली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं. वयात येताना पुष्कळ मुलांना असं होतं, बहुतेकांचं आपोआप ओसरतं, नाहीच ओसरलं तर उपाय आहेत, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. आईला केवढा धीर आला! पण त्या 'बहुतेकां'त आपण आहोत की नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आणि पोराच्या डोक्यात तेवढंच राहिलं.

यात्रेत पालखी नदीला नेली, तेव्हा वर्गातल्या पोरांनी पाण्यात त्याचा सदरा वर ओढला. "हर्षलाताई, हर्षलाताई" म्हणत काठ डोक्यावर घेतला. बाप पालखीपाशी उभा होता. त्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात बापानं त्याला एक ढगळ सदरा आणून दिला. हातात ठेवला आणि निघून गेला.

बापाला आपली लाज वाटली होती, की आपली दया आली होती? हर्षलला ते विचारायचं होतं. आज विचारू, उद्या विचारू करता करता बापच गेला. आता ते कुणाला विचारणार? तो सदरा मात्र अंगावर होता. धुऊन धुऊन त्याचा रंग उडाला होता.

"अंघोळ केलीस?" आप्पांनी विचारलं.

"केली."

"ऊन पाण्यानं?"

"गार. बनियन घालूनच."

आप्पांनी मान हलवली आणि चुलीकडे तोंड करून बसले. पोराकडे पूर्ण पाठ केली.

"कितीबी वेळ लागू दे," ते म्हणाले. "मी हितं पानी बघतोय."

...

बऱ्याच वेळानं उंबरा ओलांडल्याची चाहूल लागली, मग सदरा काढल्याची सळसळ झाली.

"आप्पा... आत पट्टी बांधलीय. आईच्या लुगड्याची."

"शिवलेली हाय?"

"न्हाई. फाडलेली हाय."

"मग चालतीया."

उत्तर इतकं सोपं असेल असं हर्षलला वाटलं नव्हतं.

"लई आवळून बांधतोस?"

"व्हय."

"दुखतं?"

यावर मात्र पोराला रडू फुटलं. सगळे बघत होते, हसत होते, औषधं सांगत होते. दुखतं का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आप्पा पाठमोरेच राहिले. त्यांनी त्याला रडू दिलं.

मग हर्षल धोतर नेसला, पाण्याची कळशी उचलून गाभाऱ्यात उतरला आणि त्यानं आतून पडदा ओढला. देवाची अंघोळ गावानं बघायची नाही, अशी तिथली रीत. आप्पा घसटत घसटत पडद्यापाशी येऊन टेकले.

आत त्यानं चांदीचा मुखवटा उतरवला. अंगरखा सोडला. वस्त्रं काढली. भैरोबाला असं त्यानं कधीच पाहिलं नव्हतं. समईच्या उजेडात तो थबकला. काय करावं सुचेना, म्हणून पाणी घालून तो खसाखसा घासायला लागला.

"घासू नगंस," बाहेरून आवाज आला. "छातीपाशी हळू."

"आप्पा, हितं दगड खचलाय. एक बाजू वर आलीय, एक..."

"ठावं हाय."

"कुनी केलं?"

"ठावं न्हाई. माज्या आज्याच्या आदीपासनं तसाच हाय."

"मग गावानं ही मूर्ती ठेवली कशी?"

"गावाला मुखवटा ठावा हाय."

"आन तुमाला?"

"मी अंघोळ घालत आलोय."

आतून पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला, आधी धबधबा, मग बारीक धारेचा. त्या खचलेल्या जागेवरून हर्षलचा तळहात सावकाश फिरत होता. दगड पाण्यानं ऊन झाला होता. बापाचा हातही याच जागेवर रोज असाच फिरला असणार, हे त्याच्या मनात आलं, आणि त्याचे डोळे पुन्हा भरले. त्यानं देवाला कोरडं पुसलं, वस्त्रं नेसवली, मुखवटा चढवला.

बाहेर माणसं जमू लागली होती. कुणीतरी घंटा वाजवली. वर्गातल्या एक-दोघांचे आवाजही त्यानं ओळखले.

पडद्याला लागून तो हलक्या आवाजात म्हणाला, "आप्पा, पट्टीखाली सोललंय. सोडायला गेलो तर निघंना. कातडीला चिकटलीय. आग होतीया."

आप्पांनी पडद्यावर हात ठेवला. पडदा उघडला नाही, नुसता धरून ठेवला.

"कळशीत पानी उरलंय?"

"उरलंय थोडं. बाहेर वतून दिऊ?"

"नगं. ऊन हाय तवर घे अंगावर," आप्पा म्हणाले. "आत्ता देवाला घातलंस, तसंच."