गिळलेली झोप

एका राज्यात माणसाची झोप विकत मिळायची. नदीच्या दक्षिणेला गुलामाचं पोर जन्मलं, की कपालघोष मांत्रिकाचं घुबड त्याच्या पापणीला चोच लावी आणि झोप गिळून टाकी. ती झोप सरदार विकत घेत आणि भरदुपारी घोरत पडत. गुलाम मरेपर्यंत जागे. जागा माणूस जास्त राबतो, एवढंच त्यातलं शहाणपण.

नदीच्या उत्तरेला राहणारा राजा भद्रसेन म्हणाला, यापुढे नवी झोप गिळू देणार नाही. एवढ्यावरून दक्षिणेच्या सरदारांनी राज्य तोडलं, उग्रदंताला गादीवर बसवलं आणि लढाई जुंपली.

उग्रदंताच्या गडावर गोजरी नावाची गुलाम बाई होती. तिला लेक चिमी तिथून सोडवायची होती. ती नदी पोहून भद्रसेनाच्या छावणीत आली.

"महाराज, नदीचा उतार दाखवते, फौज पायी पार होईल. तेवढी माझी लेक सोडवा."

"मी फुटलेलं राज्य सांधायला लढतो, बाई. तुमच्या झोपेसाठी नाही. गुलामांच्या कायद्यावर माझीच मोहोर आहे."

खरं कारण वेगळं. त्याच्या बाजूचे सरदारही झोप विकत घेत, आणि त्यांना दुखवायची राजाची छाती नव्हती. त्याने उतार तेवढा विचारून घेतला आणि बाईला दोर बांधून मालकाकडे परत धाडलं. याला राजा म्हणायचं! उग्रदंताने तिच्या पाठीवर डाग दिले, काय सांगितलंस ते वदवून घेतलं. भद्रसेनाची फौज उतारावर आली तेव्हा झाडीत तिरंदाज बसलेले. नदी तांबडी वाहिली.

पाठ सुकण्याआधी गोजरी पुन्हा आली.

"घुबड माझ्यादेखत बोललं, महाराज. कायद्यावर उमटवलेली राजमुद्रा शाबूत आहे तोवर त्याला मरण नाही. मुद्रा फोडा."

"वेळ आली की बघू."

"अजून कुणाकुणाची वेळ यायची राहिलीय?"

राजा रागावला. बाईला त्याने पुन्हा मालकाकडे धाडलं. या खेपेला उग्रदंताने तिचा कान कापला. मग ज्वारीच्या रानात लढाई झाली. कणसांपेक्षा मुंडकी जास्त पडली आणि जिंकलं कुणीच नाही. राजाचा एकुलता मुलगा तिथेच गेला.

तिसऱ्या खेपेला ती आली तेव्हा राजा मुलाच्या प्रेतापाशी बसला होता.

"तू पुन्हा?"

"लेक गडावर आहे. मी काय हौसेने पोहते?"

राजाने तिचा कापला कान पाहिला. मग त्याने मुद्रा दगडावर ठेवली आणि गदेने तिचा चुरा केला. "आजपासून झोप ज्याची त्याची."

शेजारचा सरदार कळवळला, "महाराज, मग माझी वामकुक्षी?"

"जागा राहा. लढायला ये."

बातमी पसरली तसे गुलाम कोयते, कुदळी घेऊन नदीपार लोटले. राजाने त्यांच्या हाती तलवारी दिल्या. ते फौजेच्या पुढे धावत सुटले आणि भरदुपारी, सरदार घोरत असताना, त्यांनी गडाचं दार फोडलं. उग्रदंताने गुलामांची पोरं कोठारात कोंडून आग लावली, आणि तो त्याच आगीत मेला. गोजरीने कोठार फोडलं. पोरं काळीठिक्कर बाहेर आली. चिमी खोकत होती, पण उभी होती.

बुरुजावरून घुबड म्हणालं, "मला मारलंस तर पोरं पडतील."

"आजवर काय उभी ठेवलीस?" म्हणत गोजरीने त्याची मान पिरगळली. त्याच क्षणी, घुबडातच जीव असलेल्या कपालघोषाची राख झाली.

आणि पोरं खरंच पडली. अंगणात एकामागून एक, डोळे मिटून. सरदार दारं लावून निजत, त्यामुळे गुलामांनी मिटलेले डोळे पाहिले होते ते फक्त मढ्याचे. आयांच्याही पापण्या जडावल्या, पण भीतीने त्यांनी त्या मिटू दिल्या नाहीत; ऊर बडवला. गोजरीने चिमीला गदागदा हलवलं. "मीच मारलं गं तुला!"

मागून आलेला राजा घोड्यावरून उतरला. "बाई, तिच्या नाकाशी हात धर."

तिने धरला. बोटांना ऊब लागली.

"झोपलीय," राजा म्हणाला. "झोप अशीच असते."

शाप सुटला, दोन्ही तीर पुन्हा एका राज्यात आले. पण त्या दुपारी अंगणात प्रत्येक आई आपल्या पोराच्या नाकाशी हात धरून बसली होती. पुष्कळ जणींनी हात काढून पोराला मांडीवर घेतलं. काही जणींच्या बोटांना ऊब लागलीच नाही, कोठाराच्या धुराने पोर गेलं होतं; त्यांनी हात काढलाच नाही.