चाळिशीतली गर्भारशी

चाळिशी उलटल्यावर भिवराला पहिल्यांदा दिवस गेले. पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तेव्हा तिने गडावरच्या सुईणीला बोलावणं धाडलं. किल्लेदाराने सुईणीला अडवलं. भिवरा संतापून थेट सदरेवर गेली.

किल्लेदार सगळ्यांदेखत हसला. "या वयात जिवाला धोका असायचाच. हौस तुझी, तूच निस्तर! सुईण तरण्या पोरींसाठी आहे."

भिवरा कडाडली, "किल्लेदारसाहेब, बुरूज जुना झाला की तिथला पहारा तुम्ही वाढवता की उठवता?"



"वाढवतो," किल्लेदार पुटपुटला.

"मग धोका मला जास्त, तर सुईण आधी माझ्याकडे यायला हवी!"

किल्लेदाराने मान खाली घातली. सदरेवरच अडवून ठेवलेली सुईण मात्र त्याच्या हुकमाची वाट न पाहता भिवराचा हात धरून निघालीसुद्धा. पुढे भिवरा सुखरूप बाळंत झाली.