विरजण नेणारीला नमस्कार

“पण आक्का, जे सगळ्यांकडे फुकट मिळतं, ते लोकांनी माझ्याकडूनच का घ्यावं?”

हेमांगीनं विचारलं आणि मांडीतल्या पातेल्यावरून उगाच काथ्या फिरवला.

सुबाक्कांच्या मठाची रीतच तशी. प्रश्न घेऊन येणाऱ्यानं आधी दह्याचं पातेलं घासायचं. हेमांगी पंचेचाळिशीची, सांगलीत होस्टिंगची कंपनी चालवणारी. म्हणजे लोकांच्या वेबसाइटना सर्व्हरवर जागा भाड्यानं देणारी. घरी भांड्यांना बाई. इथं नखांना राख लागू नये म्हणून दोन बोटांनी घासणं चाललेलं.

“फुकट काय, ते तर सांग,” आक्का म्हणाल्या.

“वेबसाइट चालवायची सिस्टीम. ओपन सोर्स. शाळेतले गुरुजीसुद्धा आपापला मजकूर टाकू शकतात, इतकी सोपी. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलीय, कुणीही न्यावी. मीही देते, बाजूचा होस्टिंगवालाही देतो. उद्या एका शिक्षणसंस्थेचं काम ठरायचंय. ते गेलं तर कंपनीला कुलूप.”

“मग?”

“मग... तिला माझंच नाव देणार. ‘हेमांगी सिस्टीम’. आमच्या घरची आहे म्हणून सांगणार.”

आक्का हसल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

पिशवीतला फोन थरथरला. हेमांगीनं तो बंद केला.

“एक ग्राहक. साइट बंद पडलीय म्हणून सकाळपासून डोकं खातोय.”

तेवढ्यात मठाच्या टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीवरली तानूबाई वाटी घेऊन दारात आली.

“आक्का, विरजण द्या की. आमचं पार आंबलंय.”

आक्कांनी वाटीत चमचाभर दही घातलं आणि वाकून तानूबाईलाच नमस्कार केला. तानूबाईला सवय असावी. ती वाटीवर पदर धरून निघून गेली.

“दिलंत तुम्ही, आणि नमस्कारही तुम्हीच?”

“उन्हाळ्यात मांजरानं आमचं भांडं पालथं घातलं. थेंब उरला नाही. तेव्हा हिच्याच घरून विरजण आलं. ती नेत होती, म्हणून आमचं जगलं.”

“म्हणजे हे दही तिचं?”

“तिचं कसं? तिनं इथूनच नेलेलं.”

“मग तुमचंच की!”

“मला गुरुमाईनं दिलं. तिला कुणी दिलं, कुणास ठाऊक...”

आक्कांनी पुन्हा हात जोडले. समोर कुणीच नव्हतं.

हेमांगीनं काथ्या खाली ठेवला. ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नाही, अशा माणसांनी बनवून ठेवलेल्या गोष्टीवर तिची चूल पेटत होती, लेकीचं कॉलेज चाललं होतं. आणि आपण निघालोय त्यावर आपलं नाव डकवायला! बाईसाहेबांचा रुबाब तरी किती...

राखेचे हात तसेच जोडले गेले.

“नाही देत नाव. ज्यांचं आहे त्यांचंच सांगेन.” मग तिच्यातली धंदेवाली हळूच डोकावली. “पण आक्का, विरजण सगळ्यांचं. दूध ज्याचं त्याचं. यात माझं काय उरलं?”

आक्कांनी तिच्या मांडीतलं पातेलं उचललं. आतून बोट फिरवलं आणि ते तिच्या नाकाशी धरलं. आंबूस वास आला.

“हे भांडं. आणि तेही धड घासलं नाहीस.”