ठकूच्या मुठीत मावणारा कॅमेरा

नगर काही आटपाट नव्हतं, चांगलं अघळपघळ होतं. त्याच्या वेशीबाहेर शेवंतीची बाग होती आणि बागेच्या कुंपणाला टेकून बकुळाची झोपडी. वडील नव्हते. आई फुलांच्या वेण्या करून विकायची आणि बकुळा सकाळी अनवाणी जाऊन फुलं खुडून आणायची. वाटेत कुंपणाच्या बाभळीचे काटे पायात मोडायचे, पण पोरगी कधी कुरकुरली नाही.

तिची धाकटी बहीण ठकू मात्र जगावेगळी! तिला फोटोंचं भलतंच वेड. काडेपेटीचं रिकामं खोकं डोळ्याला लावून ती चिखलात पालथी पडायची आणि तोंडाने म्हणायची, "खटक!"

"बकू, आज मी नाकतोड्याचा फोटो काढला."

"दाखव की मग!"

"काडेपेटीतनं कसा दाखवू गं?" असं म्हणताना ठकूचा चेहरा उतरायचा आणि बकुळा तिला जवळ ओढून घ्यायची.

आईचा एक दंडक होता. झाडावरचं शेवटचं फूल खुडायचं नाही, ते झाडाचं. बाकीची पोरं झाडं ओरबाडून टोपल्या भरायची आणि बकुळाला वेडी म्हणायची. म्हणोत बापडी!

एके सकाळी अशाच राखलेल्या फुलातून एक इवलीशी परी बाहेर आली. पिवळाधमक झगा, कानात दवाचे चिमुकले डूल आणि पंखांवर गुलाबी-निळी चमचम.

"बाळ, तू रोज माझं घर राखतेस. माग काय हवं ते! पण इच्छा एकाच गोष्टीची. आणि ती गोष्ट ज्याला द्यायची, त्याच्या जोगी हवी. निवड चुकली, तर सूर्य कासराभर वर येताच तिचं दव होईल."

बकुळाने आपल्या पायांकडे पाहिलं. चपला मागाव्यात का? क्षणभर मन तिकडे वळलं, खोटं कशाला सांगा! पण ती ठामपणे म्हणाली, "माझ्या ठकूला कॅमेरा हवा."

परीने पंख झटकले. गवतावर तीन कॅमेरे लखलखले. एक सोन्याचा, माणकं जडवलेला. दिसेल त्याला देखणं करणारा! दुसरा रुपेरी, लांब नळीचा. चंद्रावरचा ससासुद्धा टिपणारा! तिसरा काळासावळा, छोटुकला, ना नक्षी ना झगमग.

"ठकूला विचारून येऊ?"

"अंहं. बहीण तुझी, पारख तुझी."

बकुळाने सोन्याचा कॅमेरा उचलून पाहिला. "अगं बाई, केवढा जड! ठकूची मनगटं शेवग्याच्या शेंगांएवढी. आणि नाकतोडा तिला आहे तसाच आवडतो, देखणा कशाला करायचा?" मग ती रुपेरी कॅमेऱ्याकडे वळली. "आमची ठकू चंद्राकडे बघतच नाही. तिचं सगळं लक्ष जमिनीवर." शेवटी तिने काळा कॅमेरा घेतला आणि ठकूसारखीच गवतात पालथी पडली. समोरचा दवाचा थेंब बोराएवढा दिसला.

"हाच! माझ्या ठकूला मी ओळखते."

तिने हाक मारली तशी ठकू धावत आली. कॅमेरा तिच्या चिमुकल्या मुठीत बरोब्बर मावला. ती लगेच पालथी पडली. तेवढ्यात सूर्य कासराभर वर आला. बकुळाने श्वास रोखून धरला.

खटक! या वेळी ठकू नव्हे, कॅमेरा बोलला. त्याचं दव झालं नाही, उलट त्याच्या फटीतून एक फोटो सरकत बाहेर आला.

फोटोत मुंगी नव्हती, नाकतोडाही नव्हता. बकुळाचे पाय होते. दवाने भिजलेले, काट्यांनी भरलेले.

"बकू, एवढे काटे! मला कधी सांगितलं का नाहीस गं?" ठकूला रडूच आलं. ती परीकडे वळली. "मलाही एक इच्छा दे ना! माझ्या बकूला चपला हव्यात. मऊ, आणि काटा आत न शिरणाऱ्या."

"घे, दिली!" परी खुदकन हसली. फोटोभोवती तिने एक गिरकी घेतली आणि सोनेरी उजेडात विरघळून गेली. उजेड ओसरला तेव्हा गवतावर शेवंतीसारख्या पिवळ्या चपला होत्या.

बकुळाच्या पायात त्या बेतून केल्यासारख्या बसल्या. बसणारच! ठकूने माप आधीच टिपून ठेवलं होतं ना.