कोंडाईचं कुरण

फार फार वर्षांमागची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या वाकणवाडीला लागून एक कुरण होतं. पावसाळाभर त्यात घोटाभर पाणी असायचं आणि गवतात बोटाएवढी फुलंच फुलं. गावाच्या लेखी ती वाया गेलेली जमीन. म्हशी राखणारी कोंडाई मात्र तिथं दिवसदिवस वाकून बघत फिरायची. म्हशीच तिला हाका मारून घरी न्यायच्या, असं म्हणतात.

एका भाद्रपदात रंगोजी पाटील माणसं आणि कुदळी घेऊन कुरणात आले. चर खणायचा, पाणी काढून द्यायचं आणि पुढच्या साली नाचणी लावायची, असं ठरलं होतं. पाणी गेलं की यातलं काहीच जगणार नाही, हे एकट्या कोंडाईला ठाऊक होतं. ती चराच्या खुणेवर जाऊन उभी राहिली.

"पाटील, मेलेल्या माणसाला पाणी देताना आपण नाव घेतो न्हवं? मग हितं मरणार त्या समद्यांची नावं घ्या, आन् मग मारा कुदळ."

"गवताला कसली गं नावं?" पाटील हसले. "बरं, घिऊ. दुपारपातूर उरकंल."

तेरडा झाला, गेंद झाला, सीतेची आसवं झाली. मग एका रोपाच्या नावावरून दोन म्हातारे हातघाईवर आले आणि दुपार तिथंच टळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोंडाई पानं बाजूला सारायची आणि खाली आणखी एक निघायचं. तिनं हाक मारली की जमिनीतून नवं रोप वर यायचं, असं म्हणतात. काहीजण म्हणतात, रोपं होतीच, वाकून कुणी पाहिलं नव्हतं.

नवव्या दिवशी खुद्द पाटील चिखलात पालथे पडले होते. नाकासमोर एक तांबडं, इवलंसं रोप चिलटाला चिकटवून बसलं होतं.

"कोंडे, अगं ह्ये चिलटं खातंय! ह्येचं नाव काय?"

"मला बी ठावं न्हाई, पाटील."

पाटलांनी हनुवटी चिखलाला टेकवून ते पुन्हा पाहिलं. "मग औंदा काय चर व्हायचा न्हाई," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे खूश झाले.

अजूनही भाद्रपदात सगळी वाडी अनवाणी कुरणात उतरते आणि नावं घेते. अनोळखी रोप सापडलं की त्याला नवं नाव मिळतं आणि चर पुढच्या वर्षावर जातो. कुणी आजीचं नाव देतं, कुणी लेकीचं. कोंडाईचं नाव मात्र आजवर कुणी दिलेलं नाही. ते अगदी शेवटच्या रोपासाठी राखून ठेवलंय आणि ते शेवटचं रोप कधी सापडू नये, म्हणून वाडी कोंडाईलाच नवस बोलते.