न दाखवलेलं मरण

“…मग दाखवू की नको, बाबा? तेवढंच सांगा.”

दर्ग्याचे मुजावर शमसुद्दीनबाबा धुपाटण्यातले निखारे सारखे करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा शार्दूल. ‘घण’ नावाच्या बँडचा गायक. प्रेस, ग्राइंडर, पत्रा कापायची यंत्रं, असल्यांच्या आवाजांतून ही मुलं गाणी करत.

“तुमचं गाणं ऐकलंय मी,” बाबा म्हणाले. “मला वाटलं, टेकडीखालचा बंद कारखाना सुरू झाला.”

शार्दूल हसला नाही.

त्या गाण्यांचा त्याने एक सिनेमा केला होता. ओसाड कारखान्यात एका माणसाचे हाल होतात, आणि शेवटी त्याला मारतात. रक्त खोटं होतं. पण एक तुकडा बाहेर फुटला, लोकांना तो खरा वाटला, पोलिसांत तक्रार झाली. सिनेमा कपाटात गेला.

त्यात मरणारा माणूस झाला होता जुबेर, बँडचा ड्रमर. गेल्या हिवाळ्यात तो खरंच गेला. काविळीनं.

आता एक महोत्सव तो सिनेमा मागत होता. जुबेरच्या अम्मानं एवढंच सांगितलं होतं, बाबा म्हणतील तसं.

“त्याचं सगळ्यांत चांगलं काम आहे ते,” शार्दूल म्हणाला. “एक फ्रेमसुद्धा कापू नकोस म्हणाला होता. लोक घाबरतात, कारण त्यांना मरण बघायचं नसतं.”

“आणि तुला?”

“मी बघू शकतो.”

बाबांनी नवी हिरवी चादर खांद्यावर टाकली.

“चल. आज गुरुवार. मजारीवरची चादर बदलायचीय. जरा हात लाव.”

आत गेल्यावर शार्दूलनं पुढं होऊन जुनी चादर एका झटक्यात ओढून काढली.

कबरीचा दगड उघडा पडला. दाराशी उभ्या असलेल्यांनी माना फिरवल्या.

“असं नसतं, पोरा. आधी नवी वरून पसरायची. मग जुनी खालून ओढून घ्यायची.”

“खाली नुसता दगड तर आहे. सगळ्यांना माहीत आहे.”

“आहे माहीत.”

बाबांनी नवी चादर उलगडली नाही. तशीच खांद्यावर ठेवली.

“सिनेमात जुबेर मरतो, तेव्हा कॅमेरा कुठं होता?”

“त्याच्या चेहऱ्यावर. शेवटपर्यंत.”

“धरला कोणी होता?”

“मीच.”

“आणि दवाखान्यात?”

शार्दूल दाराकडे बघू लागला.

“होतास ना तिथं?”

“होतो…” त्याच्या हातातली जुनी चादर जमिनीला टेकली होती. ती त्याने वर घेतली. “त्याचा श्वास बदलला, तेव्हा बाहेर आलो. चहा आणतो म्हणालो.”

“आत कोण राहिलं?”

“…अम्मा.”

उदाचा धूर मजारीवरून सावकाश सरकत होता.

बाबांनी नव्या चादरीची दोन टोकं त्याच्या हाती दिली. दोघांनी ती पसरली. शार्दूल कोपरे नीट करत बसला, झाले तरी पुन्हा करत राहिला.

“बाबा… मग परवानगी आहे, असं समजू?”

बाबांनी जुनी चादर झटकली, घडी घातली आणि त्याच्या दोन्ही हातांवर ठेवली.

“ही अम्माला नेऊन दे. मग तिच्याशेजारी बसून सिनेमा लाव. आणि मध्येच चहा आणायला उठू नकोस.”