हँडलावरची पांढरी खूण

"मग तो हार त्यांनी कुणाच्या गळ्यात घातला?"

रेल्वे फाटकाशेजारच्या लिंबाखाली बसून रंगनाथबुवा विचारत होते. एका हातात कप, दुसऱ्या हातात बशी.

"माझ्या," विश्वंभर म्हणाला. मान खाली होती. हल्ली ती नेहमीच खाली असे, पण आज तिला कारणही होतं.

"आणि तू घालून घेतलास?"

"मी मागं वळून बघेपर्यंत पडला गळ्यात, महाराज. वळायला मला जरा वेळ..."

वाक्य तिथंच राहिलं. बुवा बशीतला चहा फुंकत बसले.

झालं होतं ते असं. सावरगावला बुवांचं कीर्तन होतं आणि नेहमीप्रमाणे विश्वंभर त्यांना मोटारसायकलवरून घेऊन निघाला होता. वाटेत फाटक बंद लागलं. पाय मोकळे करायला बुवा मागच्या मागं उतरले. फाटक उघडलं, विश्वंभरने किक मारली आणि तो निघाला.

बुवा म्हणजे धोतर नेसलेली काडी. त्यात गाडीवर बसले की मनातल्या मनात नाम घ्यायचे, तोंडातून शब्द काढायचे नाहीत. चढावर गाडी जरा हलकी ओढतेय असं विश्वंभरला वाटलं खरं, पण ती त्याने गुरुकृपा समजली. "ह्या भागात ज्वारी बरी आलीय, महाराज," असं मागच्या रिकाम्या जागेला सांगत तो सावरगावच्या वेशीपर्यंत पोचला. तिथं टाळमृदंग घेऊन माणसं उभी होती. एका उतावळ्याने समोर दिसलेल्या गळ्यात हार घालूनही टाकला. मग कुणीतरी विचारलं, महाराज कुठायत?

तो परत कसा आला हे त्याचं त्यालाच ठाऊक.

"तुला मागं बघता येत नाही का रं?" बुवांनी विचारलं.

विश्वंभरचा हात मानेकडे गेला.

"दुखतं?"

"...थोडं."

"कुठं?"

"मान. खांदे. मग पाठ... कमरेपर्यंत."

"आणि ह्याला थोडं म्हणतोस."

खरं सांगितलं तर सेवा जाणार, हे त्याने मनाशी धरलं होतं. बुवांच्या मठातले एक भक्त, अप्पा कोरे, ह्यांनी नवी चारचाकी घेतली होती. महाराजांना आता मोटारसायकलवर हाल नकोत, असं ते येता-जाता सुचवत. म्हणून बायको निर्गुडीचा पाला तापवून मानेवर बांधी, तो विश्वंभर मठात शिरण्याआधी सोडून खिशात कोंबायचा. शाळेतली नोकरी, घरदार सगळं ठीक होतं. पण बुवांना मागं बसवून रस्त्याने जाताना त्याला जे वाटे, ते दुसरीकडे कुठंच वाटत नसे. ते गेलं तर आपल्याकडे उरणार काय, ह्या विचाराने त्याची झोप उडत असे.

"किल्ली दे," बुवा म्हणाले.

संपलं, असं विश्वंभरला वाटलं. त्याने किल्ली दोन्ही हातांनी त्यांच्या तळहातावर ठेवली.

बुवा उठले. गाडीपाशी गेले. आरशावर अडकवलेला हार काढून त्यांनी झोळीत टाकला. मग खाली बसून त्याच किल्लीने गाडीच्या बाजूची पेटी उघडली, आतली चिंधी सोडली आणि एक पाना बाहेर काढला.

"घे. हँडल ढिलं कर."

विश्वंभर दोन पावलं मागं सरला.

"नको, महाराज."

"का?"

"ते... ते मला जमणार नाही."

"बोल्ट आहेत फक्त. मंत्र घालून बसवलेलं नाही ते."

पण विश्वंभरच्या लेखी ते जवळजवळ तसंच होतं. ही काळी मोटारसायकल मूळची बुवांची. बुवा गावोगाव कीर्तनाला हिच्यावरूनच जात, आणि एका पाडव्याला त्यांनी ती आपण होऊन विश्वंभरच्या हवाली केली होती. तेव्हापासून त्याने तिचं सगळं केलं. तेल बदललं, टायर बदलले, दसऱ्याला झेंडूच्या माळा घातल्या. हँडलाला मात्र त्याने हात लावला नाही. बुवा बुटके, विश्वंभर चांगला ताडमाड. हँडल जवळ ओढलेलं, खाली झुकलेलं. त्याच्यावर हात ठेवून बसलं की विश्वंभरच्या पाठीला कुबड येई आणि समोरचं बघायला मान कासवासारखी वर काढावी लागे.

"ही पांढरी खूण कसली?" बुवांनी हँडलाच्या मधोमध बोट ठेवलं.

आता विश्वंभरचा आवाज जरा वर आला.

"मी रंगाने केलीय, महाराज. तुम्ही गाडी दिलीत तेव्हा हँडल जिथं होतं, तिथली. एकदा मेकॅनिकने मला न विचारता हलवलं होतं. म्हणाला, मास्तर, तुमच्या उंचीला हे बरोबर नाही. मी भांडून पुन्हा खुणेवर आणायला लावलं. ती तुमच्या हातांची जागा आहे. तिथं हात ठेवला की मला... आणि दुखायचं म्हणाल तर सेवेत दुखणारच."

हे तो मठातही पुष्कळांना सांगत असे. लोक माना डोलावत. स्वतःची मान डोलत नसली तरी ते त्याला बरं वाटायचं.

बुवा खुणेकडे बघत राहिले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, तेव्हा विश्वंभरनेच तांब्या पुढे केला.

"अरे, म्हैस आडवी आली होती," पाणी पिऊन ते म्हणाले. "गाडी द्यायच्या आदल्या वर्षी. मी गाडीसकट नाल्यात. तेव्हा फिरलं ते हँडल."

"म्हणजे..."

"म्हणजे ती जागा म्हशीची."

विश्वंभर मटकन खाली बसला.

आधी त्याला वाईट वाटलं, फार वाईट. निर्गुडीचा सगळा पाला, तापवलेल्या विटा, उशी काढून टाकून काढलेल्या रात्री, मठातलं ते माना डोलावणं... सगळं एका म्हशीच्या पायी. मग तोही हसू लागला. हसल्यावर मान कळवळली, तरी त्याला थांबवेना.

"बस गाडीवर," बुवा म्हणाले. "टेकून नीट बस. आता डोळे मीट."

त्याने मिटले.

"हात पुढं कर."

"कुठं ठेवू, महाराज?"

"ठेवू नकोस. जातील तिथं जाऊ दे."

लिंबात पाखरं किलबिलत होती. विश्वंभरने खांदे सोडले. ते किती वर ओढून धरले होते, हे सोडल्यावर त्याला कळलं. कोपरं जरा वाकली, हात आपसूक पुढं गेले आणि हवेत थांबले.

"उघड डोळे."

हात हँडलाच्या मुठींपासून चांगले वर होते आणि पुढं. त्यांच्याखाली काहीच नव्हतं.

"आता हँडल तिथं आण."

विश्वंभर उतरला. बोल्ट ढिले करताना पाना एकदा सटकला आणि बोट सोलवटलं, पण ते त्याच्या लक्षातही आलं नाही. हँडल पुढं ढकलून त्याने वर उचललं. पांढरी खूण दुभंगली, एक तुकडा हँडलाबरोबर वर गेला, एक खालच्या पकडीवरच राहिला. मग त्याने क्लच आणि ब्रेकचे दांडे बोटांना सहज लागतील असे खाली वळवले. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून तारा ताणत नाहीत हे बघितलं आणि बोल्ट आळीपाळीने घट्ट आवळले.

सगळं झाल्यावर तो बुवांसमोर उभा राहिला. बऱ्याच दिवसांनी ताठ.

"महाराज... आता सेवा अप्पांकडे..."

बुवांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"चल. लोक खोळंबलेत."

चढ आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दुखणं काही एका फाटकापाशी सोडून येता येत नाही, मान अजून ठणकत होती. पण पाठ सरळ होती, श्वास पोटापर्यंत जात होता आणि दोन्ही बाजूंची ज्वारी त्याला मान न उचलता दिसत होती. विश्वंभर सुखावला होता. त्याने हळूच मान वळवून बघितली. पुरती वळली नाही, पण धोतराचा सोगा दिसण्याइतकी वळली.

"महाराज, आहात ना?"

"आहे. समोर बघ."

तो समोर बघू लागला. थोडं अंतर गेलं, आणि मनात टोचत होतं ते शेवटी त्याने विचारलंच.

"नाल्यात पडल्यावर वर्षभर तुम्ही तसंच चालवलंत, महाराज. तुमची मान नाही दुखली?"



"दुखली की," बुवा म्हणाले. "म्हणून तर गाडी तुला दिली."